वाडीचं पेट्रोल: नऊ महिन्यांच्या नोंदी

३ ऑक्टोबर २०२३, मंगळवार

आजपासून ही वही. माझ्याकडे पिवळ्या पाटीची ईको आहे, माणसं नेणारी वाडीतली एकुलती एक चारचाकी. कुणाच्या छातीत दुखलं, कुणाला चिपळूणला रेल्वे गाठायची असली की पहिला फोन मला येतो. दहा-बारा वर्षं ठाण्याला कारखान्यात मशीनवर होतो. २०२० ला गावी आलो तो इथलाच झालो. मोजून लिहून ठेवायची सवय तिकडची.

वाडी सड्याच्या कडेला, खाली दाभोळची खाडी. घरं ३८, त्यातली १५ बंद. ती गणपतीत आणि शिमग्याला उघडतात. दुचाक्या ११, माझी ईको आणि आंबेवाल्या काकांचा छोटा टेम्पो. गुहागर १३ किलोमीटर, शृंगारतळीचा बाजार त्याच्याही पुढे, चिपळूण पन्नासच्या वर. धोपाव्याच्या जेटीवर उतरायचं तर डांबरी रस्त्याने ६ किलोमीटर.

वही का, ते आधी लिहितो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीला पूर आला आणि चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. आमच्या घरांत पाणी शिरलं नाही. पण औषध, कांदे-बटाटे, पेट्रोल, सगळंच चिपळूणच्या वाटेने येतं हे तेव्हा अंगावर आलं. तिसऱ्या दिवशी जवळच्या पंपाला दोरी लागली. माझ्या गाडीत पाव टाकी. त्याच दुपारी लावणीच्या शेतात वाडीतल्या एका भावजींना फुरसं चावलं. त्यांना रुग्णालयात नेलं, वेळेत इंजेक्शन मिळालं, वाचले. घरी आलो तर शेजारच्या काकी वाट बघत उभ्या. "उद्या गुहागरात जाशील तर माझ्या बीपीच्या गोळ्या आण रे बाबा." मी नाही म्हटलं. उरलेलं पेट्रोल दुसऱ्या फुरशासाठी राखायचं होतं. काकींच्या गोळ्या चार दिवस चुकल्या. पुढे काही वाईट झालं नाही, पण ते नाही म्हणणं अजून मनातून जात नाही.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. पंप आठवडाभर कोरडा राहिला तर वाडी कशी चालेल? महिनाभर राहिला तर? त्याचं उत्तर द्यायचं तर आधी हे माहीत हवं की आज आपण नेमकं कशासाठी किती जाळतो. ते कुणालाच माहीत नाही. मलाही नाही.

५ नोव्हेंबर, रविवार

ऑक्टोबर फुकट गेला. प्रत्येक घराला एकेक छोटी वही दिली होती. लोकांनी फक्त मोठ्या फेऱ्या लिहिल्या, चिपळूण, रत्नागिरी. रोजचं शाळेत सोडणं, काडेपेटीला जाणं कुणी लिहिलंच नाही. ती फेरी आहे असं कुणाला वाटतच नाही.

आज पद्धत बदलली. भिंतीवरच्या कालनिर्णयवर आपण दुधाचे खाडे लिहितो, तसंच लिहायचं. गाडी दारातून बाहेर पडली की त्या तारखेच्या चौकोनात एक अक्षर. शा म्हणजे शाळा, बा म्हणजे बाजार, बँ म्हणजे बँक आणि सगळी सरकारी कामं, द म्हणजे दवाखाना, का म्हणजे कामधंदा, गॅ म्हणजे सिलिंडर, स म्हणजे सहज. पेन दोरीने खिळ्याला बांधून दिलं. वहिनी मंडळींनी हे काम लगेच उचललं. दुधाचा हिशोब त्याच ठेवतात, त्यांच्या हाताला ते वळणाचं होतं.

३ डिसेंबर, रविवार

संध्याकाळी घरोघर फिरून कॅलेंडरं उतरवून घेतली. नोव्हेंबरच्या एकूण फेऱ्या ३१२. दुचाकीच्या २८०, माझ्या ईकोच्या ३२. टेम्पो यात धरला नाही, त्याचा हंगाम वेगळा.

शाळा ८८, बाजार ६१, बँक आणि कार्यालयं ४७, कामधंदा ४०, सहज ३६, दवाखाना २९, सिलिंडर ११.

पेट्रोल: दुचाक्या ११८ लिटर, ईको ६४ लिटर. एकूण १८२.

मी मनाशी धरून चाललो होतो की शाळेच्या फेऱ्या हाच मोठा खड्डा. आकडा तसा दिसतोही. पण हायस्कूल पाच किलोमीटरवर, जाऊन-येऊन दहा. ८८ फेऱ्यांचे ८८० किलोमीटर, पन्नासच्या ॲव्हरेजने साडेसतरा लिटर. बँक आणि कार्यालयांच्या फेऱ्या निम्म्याच, पण त्या गुहागरच्या, २६ किलोमीटरच्या. ४७ फेऱ्यांत चोवीस-पंचवीस लिटर. म्हणजे मुलांना शाळेत पोचवण्यापेक्षा जास्त पेट्रोल आम्ही कागदांवर घालवतो. हे मला रात्री झोपताना पुन्हा एकदा मोजून बघावं लागलं.

१० डिसेंबर, रविवार

त्या ४७ फेऱ्यांमागे लागलो. घरोघर बसून विचारलं, कशाला गेला होतात, काम झालं का.

१९ फेऱ्या एकदा गेलेल्याच कामासाठी दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा होत्या. अंगठा उमटला नाही, हे सगळ्यात जास्त. आयुष्यभर चिरे उचललेल्या, भात कापलेल्या माणसाच्या बोटांवर रेषा उरतात कुठे? त्या यंत्राला ती बोटं ओळखता येत नाहीत. मग पुढच्या आठवड्यात या. लिंक गेली होती. झेरॉक्स एकच आणली होती, दोन हव्या होत्या. साहेब जिल्ह्याला गेले होते.

ईकोमध्ये पुढे बसून गेलेली, निमूट परत आलेली ती म्हातारी माणसं मला आठवतात. गाडीत कुणी बोलत नाही. आपल्यामुळे पेट्रोल वाया गेलं असं त्यांना वाटत राहतं, आणि त्यात त्यांची काडीची चूक नसते.

आमची आजी सांगते, तिच्या तरुणपणी पोस्टमन दारात मनीऑर्डर द्यायचा, तलाठी देवळात बसायचा, वाणी आणि वैदू वाडीत यायचे. गाडी आली म्हणून माणसं लांब जायला लागली असं आपण समजतो. माझी वही सांगते की अर्धं उलटं आहे. एकेक गोष्ट उठून तालुक्याला जाऊन बसली, आणि तिच्यामागे जायला प्रत्येक घराला गाडी घ्यावी लागली. कर्ज काढून घेतली लोकांनी. हौस म्हणून एखाद-दुसरी.

१९ डिसेंबर, मंगळवार

दोन दिवस मुद्दाम एसटीने फिरलो आणि माणसं मोजली.

गाडी एका लिटर डिझेलला साडेचार किलोमीटर जाते असं धरलं. आमच्याकडच्या चढउतारावर ते बरोबर आहे असं चालकदादाही म्हणाले. सकाळी गाडीत ३४ माणसं. म्हणजे एका लिटरमध्ये १५३ माणूस-किलोमीटर. एकट्याच्या बाइकचे ५०. दोघं बसले तर १००. ईकोत मी एकटा असलो तर १४. सहा जण घेतले, मला सोडून, तर ८४. भरलेली ईकोसुद्धा डबलसीट बाइकच्या मागे पडते! मला याचं वाईट वाटलं, पण आकडा आहे तो आहे.

रात्रीच्या मुक्कामी गाडीत ९ जण होते. ४० माणूस-किलोमीटर. एकट्या बाइकपेक्षाही कमी. कुणी म्हणेल, मग ही गाडी तोट्याचीच. पण ती गाडी तशीही येणार आहे. मी तिच्यात बसलो म्हणून जास्तीचं डिझेल जवळजवळ लागत नाही, आणि घरी उभी राहिलेली बाइक पूर्ण वाचते. आणि नऊचे पाच झाले की ती बंद होते. बंद झालेली मुक्कामी गाडी पुन्हा सुरू झालेली मी तरी पाहिलेली नाही. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर प्रवास मोफत. तेव्हापासून आमच्या काकी-मावश्या एसटीला आपली गाडी म्हणतात. पुरुष मात्र अजून बाइकची किल्ली फिरवत बसतात.

शाळेचं गणित इथेच सुटण्यासारखं आहे. हायस्कूलची घंटा पावणेअकराला. गाडी एक सव्वानऊला जाते, दुसरी अकरा दहाला. मुलं एकतर दीड तास आधी पोचतात किंवा पहिला तास बुडवतात. म्हणून बाप सोडायला जातो. सोडून रिकामा परत येतो, संध्याकाळी रिकामा जातो, मुलाला घेऊन येतो. चारातल्या दोन खेपा मागची सीट रिकामी. अकरा दहाची गाडी चाळीस मिनिटं आधी सुटली तर सगळंच मिटेल. २२ पालकांच्या सह्या घेऊन अर्ज दिला. मुख्याध्यापक बाईंनी शाळेचं पत्र जोडलं.

२ जानेवारी २०२४, मंगळवार

कालपासून ट्रकवाले थांबलेत. नव्या न्याय संहितेत धडक देऊन पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, त्याच्याविरुद्ध. टँकर थांबले, आणि पेट्रोल संपणार म्हणून राज्यभर पंपांवर रांगा. मी सकाळी सातला गेलो तर वळणापर्यंत बाइक उभ्या. बाटल्या, कॅन, कळशीसुद्धा. दीड तास थांबून परत फिरलो. गाडीत सात लिटर.

दुपारी देवळात सगळ्यांना बोलावलं. पहिल्यांदाच वहीचा उपयोग झाला. कोण कुठे जाणार होतं ते सांगायला लावलं. अकरा जणांची अकरा कामं निघाली. एकेक करून विचारलं तर आजच व्हायला हवीत अशी दोनच होती. एका मुलाची औषधं, आणि एका बहिणीची तपासणी, तिला नववा महिना. दोघांना सोडून आलो, पाच लिटर उरले. प्लास्टिकच्या बाटल्यांतून पेट्रोल घरात ठेवायचं नाही हे मात्र मी हात जोडून सांगितलं. चुलीच्या धगीपासून चार हातांवर पेट्रोलची बाटली, याहून मोठं संकट नाही.

रात्री बातमी आली, बोलणी झाली, गाड्या सुटणार. दोन दिवसांतच संपलं. पण मला झोप नाही. देश ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूरला जमिनीखाली जो राखीव साठा करण्याची सोय आहे, ती ५३ लाख टनांची, पूर्ण भरला तर साडेनऊ दिवसांची. कंपन्यांच्या टाक्यांतला साठा त्याच्याशिवाय, पण गरज आणि साठा यांतलं अंतर केवढं आहे बघा. १९७३ साली आखातातल्या देशांनी तेल आवळलं आणि सगळं जग गडबडलं होतं. आमच्या तालुक्यात अंजनवेलला परदेशी गॅसचं टर्मिनल आहे, २०१३ पासून. समुद्रातून येणारं इंधन आमच्या डोळ्यांसमोर उतरतं. आमचं पेट्रोल मात्र टँकरमधून घाट आणि वळणं पार करत येतं, आणि साखळीतली एक कडी तुटली की पहिली थांबते ती शेवटची वाडी.

नियम केला: ईकोची टाकी अर्ध्याच्या खाली न्यायची नाही. कितीही ओढ असली तरी.

१४ जानेवारी, रविवार

आजचा दिवस पाखाडीचा. ही नोंद लांबणार.

वाडीतून थेट धोपाव्याच्या अंगाला उतरणारी जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी होती. मी लहानपणी दोन-तीनदा उतरलोय. डांबरी रस्ता आल्यावर पाय थांबले, आणि पंधरा पावसाळ्यांत करवंदी, घाणेरी आणि रानमोडीने ती गिळली. आज नऊ जण आलो. कोयते पाच, कुदळी दोन, एक पहार, आणि चहाची किटली घेऊन दोन वहिनी. मोजायला मी दोरी घेतली होती, पण झाडीत दोरी अडकायला लागली, मग पावलं मोजली. पावणेदोन किलोमीटर भरली. रस्त्याने सहा, पाखाडीने पावणेदोन.

पायऱ्या बहुतेक शाबूत आहेत. कुणी घडवल्या ते माहीत नाही, पण काम असं की दोन चिऱ्यांच्या फटीत सुरी जात नाही. पऱ्याशी, म्हणजे ओढ्याशी, मात्र साकव गेलाय, तो लाकडी पूल. लाकडं कुजून खाली पडलीत. उन्हाळ्यात दगडांवरून उतरता येईल, पावसात नाही. आणखी दोन ठिकाणी गडगा कोसळून वाट अडलीय. दुपारपर्यंत निम्मी साफ झाली.

आजीला संध्याकाळी सांगितलं तेव्हा ती उठून बसली. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. "आमी काय गाडीनं जायचाव? पहाटं निगायचाव, डोकीवर पाटी. बंदरावर आगबोट लांबच हुबी ऱ्हायची, मग पडावानं तिच्यापाशी जायाचं." आगबोटी गेल्या, पण खाडीवर पुन्हा बोट आहे. दाभोळ ते धोपावे फेरीबोट २००३ पासून चालू आहे, गाड्यासुद्धा नेते. पलीकडे दाभोळात बाजार आहे, तिथून दापोलीची एसटी, दापोलीला उपजिल्हा रुग्णालय. इथून रस्त्याने दापोलीला जायचं तर चिपळूण-खेडला वळसा घालून शंभरच्या वर. खाडीतून गेलं तर दाभोळनंतर तीसच्या आसपास. पिढ्यान्‌पिढ्या आमचा रस्ता पाणी होतं. गाडी आल्यावर आम्ही खाडीकडे पाठ करून उभे राहिलो.

मी आजीच्या पाटीचाही हिशोब केला. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. धडधाकट माणूस दिवसभर राबून जेमतेम अर्ध्या युनिटाचं काम करतो. म्हणजे एका लिटरमध्ये अठरा दिवसांची मजुरी, शंभर रुपयांत. इतकी ताकद इतकी स्वस्त मिळाल्यावर कोण पाखाडी चढणार? मी कुणाला आळशी म्हणणार नाही. फक्त ती ताकद संपेल त्या दिवशी पाखाडी उघडी असावी, एवढंच.

एक गोष्ट नोंदवायला हवी. बायका म्हणाल्या, सकाळी जाऊ, संध्याकाळी पाचनंतर नाही. बिबट्या फिरतो, डुकरंही असतात. त्यांचं खरं आहे. पाखाडी ही दिवसाची वाट म्हणूनच धरायची.

२६ जानेवारी, शुक्रवार

ग्रामसभा. वहीतले आकडे फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरून एक काका म्हणाले, "गाडीवाल्यानंच गाडी नको म्हणायचं?" मी म्हटलं, काका, गाडी हवीच आहे. फुरसं चावेल तेव्हा ती भरलेली हवी, म्हणून आज रिकामी धावू नये. ते गप्प झाले, मग पाखाडीच्या कामासाठी स्वतःहून एक दिवस सांगितला.

दोन गोष्टी ठरल्या. पोस्टमनदादा आधारवर दारात पैसे काढून देतात, पोस्टाच्या बँकेची ती सोय आहे. फक्त अनेकांना ती ठाऊकच नव्हती. आता ते दर गुरुवारी अकरा वाजता देवळात बसतील. ज्यांचा अंगठा उमटत नाही त्यांनी हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून यायचं. हा आशाताईंचा, म्हणजे आमच्या आशा सेविकेचा उपाय, दहांतल्या सहा-सातांना लागू पडतो. आणि कुठल्याही कार्यालयात जायच्या आधी फोन. नंबरांची यादी देवळाच्या भिंतीवर.

अकरा दहाची गाडी आठ तारखेपासून साडेदहाला जाते आहे. अर्ज मान्य झाला. मुलं शाळेच्या दारात वेळेवर उतरतात.

३ मार्च, रविवार

फेब्रुवारीचा हिशोब.

फेऱ्या २०४. दुचाकीच्या १७०, ईकोच्या ३४. पेट्रोल: दुचाक्या ८२, ईको ६८. एकूण १५० लिटर. नोव्हेंबरपेक्षा ३२ लिटर कमी. शाळेच्या फेऱ्या ८८ वरून २० वर. बँक आणि कार्यालयं ४७ वरून २१, त्यात परत-परत गेलेल्या फक्त ४. ३२ लिटर म्हणजे फार नाही, मला माहीत आहे. पण कुणाचंही काम अडलेलं नाही, आणि वाडीच्या खिशात महिन्याला सव्वातीन-साडेतीन हजार राहिले.

मंगळवार-शुक्रवारच्या सामायिक गाडीचं मात्र मी समजलो होतो तसं झालं नाही. सहा जण मिळून ईकोने गुहागरला जायचं, पैसे वाटून घ्यायचे. दोन आठवड्यांत कुरबुर सुरू. एकाचं काम दहा मिनिटांचं, दुसऱ्याचं दोन तासांचं, बाकीचे उन्हात. आणि पेट्रोलही म्हणावं तसं वाचत नाही. सहा माणसं तीन बाइकवर डबलसीट गेली तर दीड लिटर लागतं, माझ्या गाडीला दोन. मी हे लपवलं नाही, सगळ्यांना सांगितलं.

वाचलं ते चिठ्ठ्यांनी. काकींनी एका शुक्रवारी पिशवी आणि चिठ्ठी दिली: अर्धा किलो शेंगदाणे, गोळ्या, टॉर्चचे सेल. दुसऱ्या शुक्रवारी सहा चिठ्ठ्या. आता बारा-तेरा असतात. सामानाबरोबर माणूस जावा लागत नाही ही साधी गोष्ट, आणि आम्ही प्रत्येक नारळ-साबणामागे एक माणूस पाठवत होतो. चिठ्ठीच्या प्रत्येक पिशवीला दहा रुपये ठरलेत. काकींच्या गोळ्यांचे मी घेत नाही.

१५ मार्च, शुक्रवार

पेट्रोल दोन रुपयांनी उतरलं. मुंबईत १०६ रुपये ३१ पैसे होतं, ते १०४ रुपये २१ पैसे. आमच्याकडे दर थोडा वेगळा, पण उतरलंच. देवळात पोरं खूश. पुढच्या रविवारी रात्री होळी लागेल, चाकरमानी येतील. मार्चचा हिशोब शिमग्यामुळे वेगळा धरायला हवा.

७ एप्रिल, रविवार

आंब्याचे दिवस. काकांचा टेम्पो एक दिवसाआड रात्री पेट्या घेऊन चिपळूणला जातो, तिथून पुढे मोठ्या गाडीने वाशी. सकाळी तो रिकामा परत यायचा. दर खेपेला पन्नास किलोमीटर, नुसती हवा वाहून! आता परतीला वाण्याचा माल, खताची पोती, दोघांचे सिमेंट, सायकलचे टायर येतात. काकांनी भाडं निम्मं लावलं. वाण्याने साखरेचा दर किलोमागे रुपयाने उतरवला. तिघा बागायतदारांच्या पेट्याही आता एकाच टेम्पोत जातात. आधी प्रत्येकाची गाडी निराळी. त्यासाठी तिघांना कापणीचे दिवस जुळवावे लागले आणि त्यात एक जुनं भांडण होतं, बांधावरच्या फणसाचं. ते कसं मिटलं ते मला कुणी सांगितलं नाही. पेट्या एकत्र गेल्या एवढं मी पाहिलं.

७ मे, मंगळवार

मतदान. केंद्र दीड किलोमीटरवरच्या शाळेत. सगळी वाडी चालत गेली, मुंबईहून आलेलीसुद्धा. कालनिर्णयवर आज एकही अक्षर नाही.

१९ मे, रविवार

भाच्याने मुंबईहून इलेक्ट्रिक स्कूटर आणली. आठ दिवस तिच्यामागे होतो. जेटीवरून डबलसीट चढ चढवून पाहिला, चढते. पूर्ण चार्ज करायला मीटरवर साडेतीन युनिट पडली, आणि आमच्या चढउतारावर ७८ किलोमीटर गेली. एका लिटर पेट्रोलच्या ९ युनिटांत बाइक पन्नास किलोमीटर जाते. तेवढ्याच विजेत ही दोनशे. इंजिनात तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णता होऊन उडून जाते, मोटरीत तसं होत नाही. मशीनवर काम केलेल्या माणसाला हे बघून आनंद होतो.

पण आमच्याकडे जून ते सप्टेंबर वीज कशी असते ते लिहिलंच पाहिजे. गेल्या जुलैत सलग तीन दिवस नव्हती. फांदी पडते, खांब वाकतो. ज्या आठवड्यात टँकर येणार नाही त्याच आठवड्यात वीजही नसायची शक्यता जास्त, कारण दोन्ही एकाच पावसाने बंद पडतात. वाडीत एक-दोन इलेक्ट्रिक गाड्या याव्यात, आशाताईंना पहिली मिळावी. सगळ्या अकरा बदलाव्यात असं मात्र मी सांगणार नाही. कोकण रेल्वे २०२२ पासून पूर्ण विजेवर धावते. वाडीपासून स्टेशन मात्र पन्नास किलोमीटर. ते पन्नास किलोमीटर भरून काढायला मला अजून एसटीपेक्षा बरं काही दिसत नाही.

मे महिन्यात नऊ मोटारी वाडीत उभ्या आहेत. पेट्रोलचा हिशोब करण्यात अर्थ नाही. पण काल त्यातल्या एका ताईंनी मुलांना घेऊन पाखाडी उतरली, बोटीने दाभोळला जाऊन आइस्क्रीम खाऊन आल्या. आजीने ओट्यावर बसून त्यांची सगळी हकीकत ऐकली. साकव अजून आहे का, हे तिने तीनदा विचारलं.

९ जून, रविवार

मृग लागला. काल रात्री सड्यावर पहिला जोरदार पाऊस. सकाळी पाखाडी उतरून पाहिली. पायऱ्यांवरून पाणी नीट वाहतंय, चिरे हललेले नाहीत. पण खालच्या तीसेक पायऱ्यांवर आत्ताच शेवाळाची झाक आहे. पऱ्याला गुडघाभर पाणी. नवा साकव ग्रामपंचायतीच्या आराखड्यात लागलाय, तो काही या पावसात होणार नाही. तोवर आम्ही दोन सुपारीचे ओंडके आडवे टाकलेत. आजीच्या सांगण्यावरून ते वरच्या अंगाला बांधले, जिथे प्रवाह अरुंद होतो. ती जागा तिला अजून तोंडपाठ आहे.

मेअखेर पंप महिनाभर बंद असा हिशोब लावून पाहिला. दवाखाना आणि खरोखर न टाळता येणारी कामं धरून वाडीला पस्तीस लिटर लागतील. ईकोची अर्धी टाकी आणि अकरा बाइकच्या टाक्यांत जे थोडंफार पेट्रोल असतं ते, एवढ्यात ते होतात. जेमतेम. लावणी आणि पूर एकाच वेळी आले तर होणार नाहीत. त्यासाठी गोळ्यांचा दोन महिन्यांचा साठा आशाताईंच्या पेटीत राहायला हवा, त्यांनी वर पत्र पाठवलंय. काकींच्या गोळ्यांची जास्तीची दोन पाकिटं मी आणून ठेवलीत.

१५ तारखेला शाळा. मुलींना पास मोफत आहे, चौघींचे फॉर्म भरून झाले. मुलग्यांचे दोन राहिलेत.

शेवाळाच्या पायऱ्यांना धरायला आधार हवा. बांबू तोडून ठेवलेत, बांधायला काथ्याची दोरी दाभोळला चांगली मिळते. मंगळवारी पहिल्या बोटीने जाईन. पाखाडीनेच उतरेन, परतताना दोरीचं ओझं घेऊन चढायला किती वेळ लागतो तेही लिहायचं आहे.